हुलिया आणि कुळी

तात्यापाऱ्यातून वरात चालली होती. रायपूरच्या या जुन्या वस्तीच्या नावातच एक तात्या बसलेले आहेत, त्यामुळे पुढे बँड हिंदी गाणी वाजवतो आणि मागून आमच्या मावश्या-काकवा मराठीत उकाड्याला नावं ठेवत चालतात, याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. घोडी पांढरी होती. कपाळावर झुंबर, गळ्यात माळा, पाठीवर घामाघूम नवरदेव. बँडने जोर धरला की ती जागच्या जागी पाय उचलायची, एक पुढचा आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा, मग दुसरी जोडी. बँड दम खायला थांबला तेव्हा मी घोडीवाल्याला सहज विचारलं, हिचे आईबाप कोण?

त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. मग त्याला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. दात किती, कपाळावरचा भोवरा कुठे, डोळ्याखाली भोवरा नाही हे नीट बघून घ्या, कुठल्या बाजारातून आणली, किती मोजले. आईबाप सोडून सगळं. मराठीत वरातीमागून घोडे येतात. इथे घोडी वरातीच्या पुढे होती आणि तिचं कूळ कुठल्या तरी बाजारात मागेच राहून गेलं होतं.

ती घोडी गाण्याच्या नादाने जे करत होती, तेच घोड्याने स्वाराच्या इशाऱ्यावर, तोल सांभाळून, मागच्या पायांवर भार घेऊन केलं तर त्याला पियाफ म्हणतात. २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब अशा वाळूच्या आयतात घोडा ते करतो, भोवती बसलेले पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. हा खेळ म्हणजे ड्रेसाज. उडी नाही, शर्यत नाही. बघणाऱ्याला वाटावं की स्वार नुसता बसलाय आणि घोडा आपल्याच मनाने चाललाय. आणि या घोड्याचे आईबाप कोण, असं तिथल्या मोतद्दाराला विचारलं तर तो पाच पिढ्या छापलेला कागद पुढे करतो.

मला हा प्रश्न पडायला कारण झालं २६ सप्टेंबर २०२३ची संध्याकाळ. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात भारताने सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं आधीचं सुवर्ण १९८२चं, दिल्लीचं, रघुबीर सिंग आणि त्यांचा घोडा शहजादा यांच्या जमान्यातलं. मध्ये ४१ वर्षं गेली होती. संघात चौघं होती: होळकरांच्या इंदूरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अग्रवाला. चारांतले सर्वोत्तम तीन गुण धरतात. ते ६८.१७६, ६९.९४१ आणि ७१.०८८ असे होते, बेरीज २०९.२०५. चीन दुसरा, हाँगकाँग तिसरा. दोन दिवसांनी अनुषने वैयक्तिक कांस्यही आणलं.

घरोघरी या चौघांची नावं झाली. घोड्यांची नावं मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गेली: चिन्स्की, अॅड्रेनलिन फिरफोड, केमेक्सप्रो एमराल्ड, इट्रो. यांतला एकही भारतात जन्मलेला नाही. स्वारांची मेहनत मोठीच. अनुष तर शाळकरी वयाचा असताना घर सोडून जर्मनीत हुबर्टस श्मिट यांच्या पागेत जाऊन राहिला. पण पदकाचे चार पाय युरोपातल्या कुणा शेतकऱ्याच्या तबेल्यात वाढलेले होते, हे विसरून चालणार नाही. मुलं आपली, घोडे त्यांचे. असं का, याचं उत्तर शोधायला मी घोड्यांच्या वंशावळी वाचू लागलो आणि त्यातच अडकलो.

नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या चोपड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही वंशावळ लगेच समजेल. आमच्या घराण्याची चोपडी मी पाहिली तेव्हा पणजोबांची सही सापडली, त्यांच्या वडिलांचं नाव सापडलं, त्यांच्याही वडिलांचं. बायका क्वचित, त्याही ‘अमक्याचं कुटुंब’ म्हणून. घोड्यांच्या चोपडीत उलटं असतं. तिथे खानदान आईकडून मोजतात. दोन शिंगरांची आई एक असेल तरच ती भावंडं. बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर त्यांना भावंडं म्हणत नाहीत, कारण नावाजलेल्या घोड्याची शेकड्यांनी शिंगरं असतात. त्या सगळ्यांना भाऊबहीण म्हणायचं तर निम्मं जर्मनी एकाच घरात येईल. घोडी मात्र वर्षाला एकच शिंगरू देते. म्हणून चांगल्या घोडीचं घराणं ही खरी मिळकत. ट्राकेनर जातीत तर शिंगराचं नाव आईच्या आद्याक्षरानेच सुरू होतं.

पण थोडक्यात लिहायची वेळ आली की तिथेही बाई गळतेच. टोटिलास या घोड्याची कुळी जगभर ‘ग्रिबाल्डी गुणिले ग्लेंडेल’ अशी लिहितात. ग्रिबाल्डी त्याचा बाप. ग्लेंडेल आई असेल असं वाटतं, तर नाही, तो आईचा बाप. आईचं नाव लोमिंका, ते त्या ओळीत नाहीच. वाचून मला आपल्या लग्नपत्रिका आठवल्या.

नावांचीही गंमत आहे. हॅनोवर आणि ओल्डेनबर्गकडे नराचं नाव बहुधा बापाच्या आद्याक्षरावरून ठेवतात. डोनरवेटरचा मुलगा डोनरहाल, त्याचा मुलगा डे निरो, त्याचा डेस्पराडोस. ‘ड’ची ही माळ १९८१मध्ये जन्मलेल्या डोनरहालपासून मोजली तरी रिओ ऑलिम्पिकच्या पदकापर्यंत येते. नेदरलँड्सची पद्धत निराळी. तिथे अक्षर वर्षाला दिलेलं. २०००ची शिंगरं ‘टी’ची, म्हणून टोटिलास. २००२ची ‘व्ही’ची, म्हणून वलेग्रो. त्यामुळे डच घोड्याचं नाव कळलं की वय कळतं. जर्मन कागदावर कधी नावापुढे दोन फुल्या दिसतात, ‘अँजेलो फुली फुली’ अशा. त्याचा अर्थ तो घोडा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या रक्ताचा. अरबी असेल तर खूण वेगळी.

या अँजेलोवर थोडं थांबायला हवं. शर्यतीच्या रक्ताचा हा घोडा वेस्टफालियातल्या डोडोना नावाच्या घोडीला दाखवला गेला. त्यातून आलरिष झाला. रायनर क्लिमके यांनी त्याच्यावर बसून १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं. त्याच जोडीची एक लेक होती, अडोने. ती मैदानात गाजली नाही. तिला रोमादूर नावाच्या घोड्यापासून रेम्ब्रांट झाला आणि निकोल उफॉफने त्याच्यावर १९८८ आणि १९९२ अशी दोन ऑलिम्पिक जिंकली. म्हणजे सलग तीन ऑलिम्पिक एका घोडीच्या घरात, मामा आणि भाचा. मैदानात न गाजलेली अडोने मध्ये नसती तर हा धागा तुटला असता. चोपडीत तिचं नाव होतं म्हणून तो आपल्याला दिसतो तरी.

ही चोपडी युरोपात आली कुठून? राजेलोकांच्या हौसेतून नव्हे, त्यांच्या गरजेतून. प्रशियाच्या राजाने १७३२मध्ये ट्राकेनेनला घोडपैदाशीचं केंद्र काढलं. १७३५मध्ये दुसऱ्या जॉर्जने, जो इंग्लंडचा राजा आणि हॅनोवरचाही शासक होता, त्सेले इथे दुसरं. कल्पना साधी होती. सरकारने चांगले नर पाळायचे आणि शेतकऱ्यांनी आपल्या घोड्या त्यांच्याकडे आणायच्या. आठवडाभर नांगराला चालेल, रविवारी बग्गीला शोभेल आणि लढाई आली तर फौजेला विकता येईल, असं जनावर हवं होतं. त्याला पुढे ‘वॉर्मब्लड’ म्हणू लागले. रक्त कोमट असतं असं नव्हे. नांगराचे धिप्पाड, थंड स्वभावाचे घोडे आणि शर्यतीचे तापट घोडे, यांच्या मधला हा. नर सरकारचा असल्याने कोणती घोडी कधी आली याची नोंद ठेवावीच लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि घोड्यांचं काम संपलं. कुणी दुसरं असतं तर चोपड्या रद्दीत गेल्या असत्या. या मंडळींनी त्याच चोपड्या उघडून विचार केला की यांतल्या कोणत्या घराण्याची चाल उसळती आहे, कोणाचा मागचा पाय पोटाखाली खोल येतो, कोणाची पाठ लवचिक आहे. नांगराच्या घोड्यातून खेळाचा घोडा काढायला त्यांना दोन-तीन पिढ्या पुरल्या, कारण आधीच्या दहा लिहिलेल्या होत्या.

ट्राकेनेनची गोष्ट तर अंगावर येते. १९४५च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या आणि पूर्व प्रशियातले लोक घोडागाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले. गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून, वरून विमानांचा मारा, गाड्यांना गाभण घोड्या जुंपलेल्या. हजारोंमधल्या थोड्याच पोहोचल्या. ज्या पोहोचल्या त्यांच्या मांडीवर मूस हरणाच्या शिंगांचा डाग होता. त्यावरून आणि लोकांच्या आठवणीवरून पश्चिम जर्मनीत पुन्हा चोपडी मांडली गेली. येसिका फोन ब्रेडो-वेर्न्डलची डालेरा ही घोडी शुद्ध ट्राकेनर. तिने टोकियो ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक दोन्ही सुवर्णं जिंकली, पॅरिसला पुन्हा दोन्ही. टोटिलासचा बाप ग्रिबाल्डी, तोही ट्राकेनरच.

टोटिलासचं नाव निघालंच आहे. फ्रिसलंडमधल्या एका घरगुती पागेत २०००च्या मे महिन्यात जन्मलेला हा काळा घोडा. एडवर्ड गालने त्याच्यावर बसून २००९मध्ये लंडनला संगीतावरच्या फेरीत ९२.३० टक्के मिळवले. त्या वर्षापर्यंत नव्वदी ही या खेळात स्वप्नातली गोष्ट होती. २०१०ला केंटकीच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं, आणि त्यानंतर लगेच तो जर्मनीला विकला गेला. अधिकृत आकडा बाहेर आला नाही. वर्तमानपत्रांनी सुमारे १ कोटी युरो छापले. खरेदीदाराचा डोळा पदकांवर होता, त्याहून जास्त त्याच्या शिंगरांवर. पुढे काय झालं? नवा स्वार आणि घोडा यांचं जुळता जुळेना, दुखापती झाल्या, २०१५मध्ये तो मैदानातून उतरला, २०२०च्या डिसेंबरात गेला. शिंगरं पुष्कळ झाली, काही चांगली निघाली, पण दुसरा टोटिलास झाला नाही.

आणि वलेग्रो? बाप नेग्रो, आजा फेरो, आई माइफ्लूर. शार्लट दुजार्डिनने त्याच्यावर २०१२चं लंडन ऑलिम्पिक जिंकलं आणि २०१४च्या डिसेंबरात संगीतावरच्या फेरीत ९४.३० टक्के घेतले; टोटिलासचा विक्रम त्यांनी त्याआधीच मागे टाकला होता. या खेळाने पाहिलेला हा सर्वांत मोठा घोडा, असं म्हटलं तर फारसं कुणी भांडणार नाही. तो लहानपणीच खच्ची केलेला होता. त्याच्या मागे एकही शिंगरू नाही. चोपडीच्या भाषेत वलेग्रोपाशी पान कोरं.

मात्र २०२२ला हर्निंगमध्ये ग्लॅमरडेल जगज्जेता झाला आणि मी त्याची कुळी काढली तर आईचा बाप नेग्रो! म्हणजे वलेग्रो आणि ग्लॅमरडेलची आई एकाच बापाची. आपल्या हिशेबाने वलेग्रो ग्लॅमरडेलचा सावत्र का होईना, मामा. त्यांच्या हिशेबाने कुणीच नाही, कारण आया वेगळ्या. मला आपला हिशेब जास्त आवडतो.

आता हे सगळं प्रयोगशाळेत गेलं आहे. स्पर्धेत उतरणारी घोडी अकरा महिने गाभण राहिली तर तिचा हंगाम बुडतो, म्हणून तिचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवतात. इझाबेल वेर्थच्या वाइहेगोल्ड या घोडीचं पाहा. तिने रिओला वैयक्तिक रौप्य आणि सांघिक सुवर्ण घेतलं. बापाकडून ती डोनरहालची नात. तिला टोटिलासपासून टोटल होप झाला. दोन्हीकडून सोनंच. २००३मध्ये इटलीत पहिली क्लोन घोडी जन्मली आणि २०१२पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने क्लोन घोड्यांनाही मैदान मोकळं केलं. वलेग्रोसारख्या खच्ची घोड्याचंही कोरं पान असं भरता येईल. मला ते वाचून आनंद झाला नाही, एवढंच सांगतो.

शिवाय चोपडीचा एक अंधारा कोपरा आहे. या वॉर्मब्लड घोड्यांमध्ये एक दोष फिरतो. दोन्ही आईबापांकडून आला तर शिंगराची कातडी कागदासारखी फाटते आणि ते जगत नाही. एकाकडूनच आला तर घोडा धडधाकट असतो, दोष नुसता पुढे नेतो. युरोपातल्या या घोड्यांत दहातला एखादा असा वाहक निघतो. स्वीडनमधल्या घोड्यांवरच्या अभ्यासात आढळलं की वाहक घोड्यांची चाल गुणांत उजवी ठरते. म्हणजे अंगातली लवचिकता निवडता निवडता लोक नकळत तो दोषही निवडत आले. आता रक्त तपासून जोड्या लावतात. चोपडी होती म्हणूनच दोष कुठून कुठे गेला हे कळलं, हेही खरं.

हे सगळं वाचून झालं की मन घरी येतं. रायपूरला घोडे कमी दिसले का कधी? १७४१मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर याच मुलुखातून बंगालकडे गेले. वाटेत रतनपूर शरण आलं. बंगालात या स्वारांची दहशत एवढी की तिथल्या बायका लेकरांना निजवताना त्यांचं नाव घेत: बर्गी. तो शब्द आपला ‘बारगीर’. ज्याचा घोडा सरकारी पागेचा तो बारगीर, ज्याचा स्वतःचा तो शिलेदार. १७५८पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार बघत होते. या मुलखावर मराठ्यांचं जे काही होतं ते घोड्याच्या पाठीवरून आलेलं होतं. ती सगळी घोडदौड आता आपल्या आडनावांत उरली आहे: पागे, पागनीस, शिलेदार, नालबंद, चाबुकस्वार. माणसांची नावं टिकली. घोड्यांची?

आपण लिहीतच नव्हतो असं नाही. मोगलांच्याही आधीपासून घोड्याला डाग द्यायचा आणि त्याचा हुलिया, म्हणजे अंगावरच्या खुणा, लिहायचा ही रीत होती. फौजेत एकच घोडा दोनदा दाखवून पगार लाटणाऱ्यांना तो चाप होता. मराठी दप्तरांतही घोड्याचा रंग येतो, वय येतं, किंमत येते. कुमैत, अबलख, समंद, पंचकल्याणी, नुकरा. रंगांसाठी आपल्याकडे इतके शब्द आहेत की जर्मनांनी हेवा करावा. अंगावरचे भोवरे वाचायचं तर पूर्ण शास्त्रच. गळ्याशी देवमण असला तर शुभ, डोळ्याखाली आसूढाळ असला तर घोडा दारात नको. शालिहोत्रापासून चालत आलेली ही विद्या. सालोतरी हा आपला घोड्यांचा वैद्य, त्याच नावातून आलेला. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते तेव्हा आजही लाखालाखांचे सौदे या भोवऱ्यांवर मोडतात. तात्यापाऱ्यातल्या घोडीवाल्याने मला जे दाखवलं ते हेच होतं. तो अडाणी नव्हता. तो हुलिया वाचत होता, आणि मी त्याला कुळी विचारत होतो.

रायपूरजवळच्या आरंग गावाची कथा हीच खोड दाखवते. जैमिनीच्या अश्वमेधात पांडवांचा घोडा मयूरध्वज राजाचा मुलगा ताम्रध्वज अडवतो, पुढे राजाची परीक्षा होते, त्याच्या देहावर करवत चालवायची पाळी येते. इथले लोक सांगतात की तो आरा म्हणजे करवत, त्यावरून आरंग. मराठीत श्रीधरांनी हा अश्वमेध घराघरांत नेला. त्या घोड्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? अंग शुभ्र, कान काळा, श्यामकर्ण. त्याची आई कोण, कुणी विचारलं नाही. ज्या घोड्यामागे सगळं भारतवर्ष धावलं, त्याचाही नुसता हुलियाच.

आपण असे हुलिये लिहीत होतो तेव्हा दुसरीकडे काय चाललं होतं, ते बघून हळहळ वाटते. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत अरबस्तानचे घोडे शतकानुशतके गलबतांतून उतरत होते. मार्को पोलोने तर लिहून ठेवलंय की दक्षिणेत घोड्यांना शिजवलेला भात नि मांस चारतात आणि म्हणून ते मरतात. अतिशयोक्ती असेल, पण घोडे येत होते आणि संपत होते हे खरं. १७०४मध्ये तसलाच एक घोडा अलेप्पोहून इंग्लंडला गेला, डार्लीचा अरब. त्याची आणि आणखी दोघांची शिंगरं तिथे लिहिली गेली; १७९१मध्ये तिथल्या स्टड बुकची पहिली छपाई झाली, आणि आज जगातला प्रत्येक थरोब्रेड, अगदी पुण्या-मुंबईच्या शर्यतीतलासुद्धा, त्या तिघांपर्यंत बापाकडून मोजता येतो. शर्यतीच्या घोड्यांची चोपडी भारतातही चोख आहे. जिथे पैजेचा पैसा, तिथे वही आपसूक येते. आमच्या बंदरांत उतरलेल्या घोड्यांचं रक्त भीमेच्या खोऱ्यात मिसळलं, त्यातून भीमथडीचं काटक तट्टू झालं, पण कोणता घोडा कोणत्या घोडीला दाखवला हे शेतकऱ्याच्या डोक्यात राहिलं आणि त्याच्याबरोबर गेलं.

वही नाही म्हणजे वंश नाही, असं म्हणायचं नाही मला. अरबस्तानच्या बेदूइनांनी तोंडी वंशावळी जपल्या, त्याही आईकडूनच. काठियावाडी घोड्यांची घराणी माणकी, ताजण अशा घोडींच्या नावांनी चालतात. पण तोंडी गोष्टीला राजाश्रय लागतो किंवा तंबू लागतो. १८१८मध्ये पेशवाई गेल्यावर भीमथडीला दोन्ही उरलं नाही. कंपनी सरकारने शिरूर तालुक्यात आलेगावला घोडपैदास काढून पाहिली, ती काही वर्षांत बंद पडली. गावाचं नाव मात्र आजही आलेगाव पागा. पुण्याच्या नावाने १८१७मध्ये उभारलेलं पूना हॉर्स आता रणगाड्यांवर आहे.

उरलेलं भीमथडी तट्टू धनगरांनी सांभाळलं. मेंढरांच्या वाटेवर बिऱ्हाड वाहायला ते लागतंच. बारामतीकडच्या काही घोडेप्रेमींनी पाठपुरावा केला, रक्ताचे नमुने तपासले गेले, आणि अलीकडेच राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने ती स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, कच्छी-सिंधी यांच्यापाठोपाठ भीमथडी आठवी. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्या तट्टांचं नाव आपण उभं राहून गातो, ती सरकारी कागदावर येईपर्यंत एकविसाव्या शतकाची दोन दशकं उलटली होती.

भीमथडी उद्या ऑलिम्पिकमध्ये पियाफ करेल असं कुणी म्हणत असेल तर तो थापा मारतोय. उंची, हाड, चालीची उसळी, सगळंच वेगळं. आणि तिचं काम ते नाहीच. शिवाय आपल्या घोड्यांना परदेशी जायला रोगांच्या भीतीने वाटच बंद होती. म्हणून तर अनुषसारख्यांना घोड्यांसह युरोपात राहावं लागलं. २०२५च्या जुलैमध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या आवाराला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली, भारतातलं असं पहिलंच. एक दार किलकिलं झालं. ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये भारताकडून पॅरिसला उतरलेला पहिला घोडा सर कॅरमेलो ओल्ड. त्यातलं ‘ओल्ड’ हे म्हातारपण नव्हे, ओल्डेनबर्ग. अनुषला त्याच्यावर ६६.४४४ टक्के मिळाले. ज्या देशाचा झेंडा स्वाराच्या कोटावर होता, त्या देशाचं एकही अक्षर घोड्याच्या नावात नव्हतं.

ज्यांच्याकडे भीमथडीची घोडी आहे, त्यांनी शिंगरू झालं की एका वहीत तारीख लिहावी आणि तारखेपुढे आधी आईचं नाव. आणि रायपूर, बिलासपूर, नागपूरच्या वाड्यांत ज्यांच्या माळ्यावर भोसलेकालीन पागेचे मोडी कागद अजून वाळवीपासून वाचले आहेत, त्यांना एक विनंती. त्यात कुठे एका घोडीच्या नावाशेजारी तिच्या शिंगराचा उल्लेख सापडला, तर मला जरूर कळवा. एक ओळ असली तरी चालेल.